जिन्यावरची पिवळी पावलं

आधी चहा खाली ठेवा, ठसका लागला तर मी जबाबदार नाही! माझ्या फजित्या तुम्ही पुष्कळ ऐकल्यात, पण हॉलंडला जाऊन मी जे दिवे लावले ते ऐकायचे राहिलेत.

तर मी शिकवते त्या नाशिकच्या शेती कॉलेजातून मुलामुलींचा एक गट तिकडच्या विद्यापीठात कांदा साठवणूक बघायला निघाला. आणि गटप्रमुख कोण? अस्मादिक! मी मूळची चांदवडची, कांद्याच्या चाळीशेजारी वाढलेली. पावसाळा संपेपर्यंत चाळीतला किती कांदा सडतो, ते आमच्या आईला विचारा. तोच कांदा तिकडे कसा टिकवतात हे एकदा डोळ्यांनी बघायचं म्हणून मी वर्षानुवर्षं अर्ज करत होते.

निघण्याआधी मुलांना काय भाषण ठोकलं मी! "नख तुटलं तरी कळवायचं. पोटात कळ आली तरी कळवायचं. दुखणं अंगावर काढायचं नाही. विद्यापीठाचं सुरक्षेचं ऑफिस आपल्यासाठीच आहे, तिथे लाजायचं नाही!" येवल्याची रोहिणी पहिल्या बाकावर बसून मान डोलवत होती. ही पोरगी लक्षात ठेवा.

आमची सोय एका गेस्टहाउसमध्ये होती. तिथला जिना म्हणजे शिडीला गालिचा घातलेला, तोही पांढराशुभ्र! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरं फिरायला गेली होती. मी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि जिन्याच्या खिडकीतून बाग दाखवत दाखवत उतरायला लागले.

"आई, फुलं बघ गं, फुलं!"

"फुलं ऱ्हाऊ दे, पायाखाली बघ!"

ती हे म्हणेपर्यंत मी शेवटच्या पायऱ्या बसूनच उतरले होते.

"काय झालं गं?"

"काही नाही, फोन पडला."

"फोन पडला तर 'आई गं' कोण वरडलं? फोन का?"

आता आईपुढे कोणाचं चालतंय? पाय बघता बघता टम्म सुजला. ती म्हणाली, "बॅगेत आंबेहळद अन् तुरटी घातली हाय. गरम लेप लाव अन् गप पड. लय फिरू नको."

खरं तर तेव्हाच ऑफिसला फोन करायचा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाम बघायचं होतं हो! कळवलं की डॉक्टर येणार, 'आराम करा' म्हणणार, कोणी सांगावं, परतीच्या विमानात बसवून देणार. मी ठरवलं, तोंडातून ब्र काढायचा नाही.

स्वयंपाकघरात लेप गरम केला, पायावर तळव्यापर्यंत चांगला जाड थापला आणि अनवाणीच कठडा धरून वर गेले. मागे वळून बघायचं सुचलं नाही.

सकाळी गेस्टहाउस सांभाळणाऱ्या काकांनी जिना बघितला आणि थेट सुरक्षा ऑफिसला फोन लावला. पांढऱ्या गालिच्यावर पिवळीजर्द पावलं! आणि तीही एकाच पायाची! आम्हाला सगळ्यांना बाहेर हिरवळीवर काढलं. मी सुजलेला पाय बुटात कोंबून कशीबशी उभी. ऑफिसच्या एल्सबाई हातमोजे घालून हजर.

"मॅडम, लक्ष्मी येऊन गेली की काय?" एक पोरगा कुजबुजला.

"लक्ष्मीची दोन्ही पावलं असती. ही लंगडी आहे!" दुसरा म्हणाला. आणि काय सांगू, मीसुद्धा हसले!

एल्सबाई मात्र काळजीत होत्या. "हे रसायन असेल तर कातडी भाजेल. ज्याच्या पायाला लागलंय तो सापडायलाच हवा. तुम्ही प्रमुख ना? मुलांचे तळपाय तपासा."

तपासले की हो मी! मोठ्या ऐटीत! पोरं बूट काढून रांगेत उभी, एकेक तळवा वर, आणि मी वाकून वाकून, "हं, स्वच्छ. पुढचा!" आत माझा पाय ठणकतोय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, आणि तोंडाने तपास चालू.

रांग संपली. तेवढ्यात रोहिणी म्हणाली, "मॅडम, आता तुमचा."

"माझा कशाला? मी तपासतेय ना!"

"नख तुटलं तरी कळवायचं, मॅडम," ती हळूच म्हणाली. तिला हळदीचा वास आधीच आला असावा.

बूट काही केल्या निघेना. शेवटी एल्सबाई गवतावर गुडघे टेकून बसल्या आणि लेस सैल करून त्यांनी तो अलगद काढला. आत काय, हळद लागलेला पाय! आणि जो हशा उसळला!

एल्सबाई हसल्या नाहीत. "का नाही सांगितलंत?"

मला रडूच फुटलं. चाळ, सडका कांदा, इतक्या वर्षांचे अर्ज, सगळं सांगून टाकलं. "परत पाठवाल म्हणून घाबरले हो."

"परत? अहो, तुम्हाला काय हवंय ते कळावं म्हणून तर आम्ही विचारतो!"

इस्पितळात हाडाला बारीक चीर निघाली. डॉक्टर म्हणाले, आज दिवसभर चालला असतात तर हाड सरकलं असतं, मग ऑपरेशनच. पुढच्या दिवशी एल्सबाईंनी स्वतः चाकाची खुर्ची आणली आणि मला गोदामभर ढकलत फिरवलं. डोंगराएवढा ढीग, खालून खेळणारी हवा, कोरडाठाक खडखडीत कांदा! न चिरताच डोळ्यांना पाणी आलं. ना ओळख ना पाळख, पण त्या बाईने माझा पायही वाचवला आणि स्वप्नही. तिचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. आणि रोहिणीचेही! तिने तोंड उघडलं नसतं, तर मी त्या तडकलेल्या पायावर दिवसभर मिरवले असते.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणते, "हाड तडकलं ते ठीक हाय, पण सूज लेपानंच उतरली का नाय?"

यंदा पुन्हा गट निघालाय, आणि भाषण पुन्हा माझ्याच गळ्यात. उभी राहिले, घसा खाकरला आणि म्हटलं, "मुलांनो, नख तुटलं तरी कळवायचं!"

मागच्या बाकावरून एक हात वर झाला.

"मॅडम, फोन करून कळवायचं, की जिन्यावर पावलं उमटवली तरी चालेल?"