सिस्टरच्या गाडीची काच

त्याला सगळे भिंगरी म्हणत. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा हा पन्नाशीचा माणूस एका जागी टेकलेला कुणी पाहिला नव्हता. चहासुद्धा तो उभ्यानेच घ्यायचा, आणि तेवढ्या वेळात दोनदा कप खाली ठेवून कुणाच्या तरी बॉनेटमध्ये डोकावून यायचा. पण हाताला यश होतं, म्हणून त्याची घाई लोक चालवून घेत.

थंडी सुरू झाली आणि सिस्टर गाडी घेऊन आल्या. डोंगरातल्या वस्त्यांवर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, हे त्यांचं काम. पहाटे निघावं लागे. "मिस्त्री, डिफ्रॉस्टर लावला तरी समोरची काच धूसरच राहते," त्या म्हणाल्या.

भिंगरीने पंखा चालू केला. हवा पायांवर येत होती, काचेवर येतच नव्हती. डॅशबोर्डच्या आत हवेची दिशा बदलणारी झडप अडकली होती. ती त्याने अर्ध्या तासात मोकळी केली. काचेवर गरम झोत आला. "घ्या, झालं," तो म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला.

चौथ्या दिवशी सिस्टर परत आल्या. गाडीचा एक दिवा फुटला होता, पुढचा पत्रा आत गेला होता. एका वळणावर काच एकदम पांढरी झाली, रस्ता दिसेना, आणि चाक चरात उतरलं होतं. त्यांना खरचटलंही नव्हतं. आवाज चढवून त्या एक शब्द बोलल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "हाताने पुसलं की जास्तच पसरतं, मिस्त्री. तेलकट असल्यासारखं."

भिंगरीला ते वळण माहीत होतं. चर होता म्हणून निभावलं. दहा पावलं पुढे दरी होती.

मग तो त्या गाडीला जळवेसारखा चिकटला. फ्यूज काढून पाहिले, रिले बदलला, झडपेची मोटर मीटर लावून तपासली, एसीचा कॉम्प्रेसर चालू होतो का ते कान लावून ऐकलं. सगळं ठाकठीक. गाडी चालू ठेवून खिडक्या बंद करून आत बसला, की दहा मिनिटांत काचेवर पांढरट पडदा. बाहेर यायचा, गाडीला एक फेरी मारायचा, पुन्हा आत. सिस्टर बाकावर बसून होत्या आणि एकदाही घड्याळ पाहत नव्हत्या, हे त्याला आणखीच टोचत होतं.

दुपारी त्याची बायको आली. तो वाचायचा चष्मा घरी विसरला होता, तो द्यायला. "गाडीत ठेव," तो वायर तोंडात धरून म्हणाला. चष्मा ठेवायला ती गाडीत वाकली आणि तशीच थांबली.

"अहो, इथे काय सांडलंय? गोडसर वास मारतोय. औषधाच्या पाकासारखा."

त्याच्या तोंडातली वायर गळून पडली. गोड वास म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात मिसळलेलं. इंजिनाचं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं, त्यावरून हवा गरम होते. तोच गळत असेल, तर डिफ्रॉस्टर काच पुसत नव्हता, तोच काच माखत होता. त्याने डावीकडची चटई उचलली. खालचं अस्तर ओलं होतं. बोटांना बुळबुळीत लागलं. बॉनेटमधली कूलंटची बाटली तळाला गेलेली. पंपाने दाब दिला तसा डॅशबोर्डखालून एक थेंब पडला, मग दुसरा.

सिस्टरांना तो वास आपल्या औषधांच्या पिशवीचाच वाटला असणार, पण कोणत्याही नवशिक्या मिस्त्रीने तो पहिल्या दिवशीच ओळखला असता. त्याला आला नाही, कारण दोन वर्षांपूर्वीच्या तापानंतर त्याला वासच येत नव्हता. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. जळकी वायर नाकाने ओळखणारा म्हणून ज्याचं नाव, त्याने हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"तुला माहीत नाही," तो हळूच म्हणाला, "मला..."

"दूध करपून घरभर धूर झाला आणि तुम्ही शेजारी पेपर वाचत होतात," बायको म्हणाली. "त्या दिवशीच कळलं. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

तो सिस्टरसमोर जाऊन उभा राहिला. पाय जागेवर ठेवायला त्याला फार कष्ट पडले. "चूक माझी झाली. मला वास येत नाही, आणि मी घाईत तुम्हाला विचारलंही नाही. पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल. दोन दिवस जातील."

"दोन दिवस माझे पेशंट काय करतील?" सिस्टरांनी विचारलं.

"मी नेतो तुम्हाला."

दोन्ही सकाळी त्याने स्वतःच्या गाडीतून त्यांना वस्त्यावस्त्यांवर नेलं. त्या आत मलमपट्टी करत आणि हा बाहेर अंगणाला प्रदक्षिणा घाली. एका घरातल्या म्हातारीने शेवटी विचारलंच, "सिस्टर, तुमच्या ड्रायव्हरला मुंग्या चावतात का?" परतल्यावर तो दिवसभर डॅशबोर्ड सोलत बसे. नवा रेडिएटर बसवला, नळ्या धुतल्या, कूलंट भरून त्यातली हवा काढली, अस्तर वाळवलं, फुटलेला दिवा बदलला, काच आतून तीनदा साबणाने धुतली.

तिसऱ्या पहाटे तो सिस्टरांच्या शेजारी बसून घाटाच्या टोकापर्यंत गेला. बाहेर गवत पांढरं पडलं होतं. काच मात्र कडेपासून कडेपर्यंत लख्ख राहिली. त्या वळणावर सिस्टरांनी वेग कमी केला, चराकडे एकदा पाहिलं आणि पुढे गेल्या.

पुढच्याच आठवड्यात एक टेम्पोवाला तक्रार घेऊन आला. भिंगरीने बॉनेट उघडलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "जरा वाकून वास घ्या आणि काय येतो ते सांगा. मला येत नाही." टेम्पोवाल्याने काही न विचारता नाक आत घातलं. "रबर जळल्याचा," तो म्हणाला, आणि भिंगरी इंजिनाचा पट्टा तपासायला लागला.