ठोंबरे साहेबाचं पान

सगळ्यात आधी माझी चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना जीभ अडखळणार नाही. १९४२ च्या पावसाळ्यात मी एका कर्नलचा निकाल लावला. मी म्हणजे आमोस मास्तर, मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकवणारा, जन्मात बंदूक हातात न धरलेला. पण शाळेच्या भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा होता, नगरहून दोन दिवस शिळं का होईना वर्तमानपत्र येत होतं, आणि टाचण्यांना लाल दोरा गुंडाळून मी रोज सैन्यं पुढंमागं हलवत होतो. माणसाला सेनापती व्हायला एवढं पुरतं.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं, राळेगणसिद्धीहून चालत अडीच तासांवर. गावात इंग्रजी वाचणारा मी एकटा. त्यामुळे बनुबाईच्या नावानं लष्कराचं पत्र आलं, तेव्हा ती ते पदराखाली धरून माझ्याकडे आली. बनुबाई विधवा, आणि छगन तिचा एकुलता एक. पत्रात तीन ओळी होत्या. वाळवंटातल्या लढाईत शिपाई छगन बेपत्ता झाला आहे, अधिक कळल्यास कळवू.

"बेपत्ता म्हंजी काय, मास्तर?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या अंगात नकाशा संचारला होता. त्या बाजूच्या फौजा टेकड्या सोडून मागं आल्याचं मी आठवड्यापूर्वीच वाचलं होतं. टाचणीवर बोट ठेवून मी म्हणालो, "साहेब पलटण घेऊन मागं पळाला, तुमचा छगन तिथंच राहिला. सेनापतीच पळपुटा निघाला, तर शिपायानं काय करायचं?"

बनुबाई रडली नाही. माझा तो एक शब्द घेऊन ती घरी गेली आणि चार वर्षं तो तिनं सांभाळला. पळपुट्या सायबानं माझा छगन टाकला, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. टाकलेलं माणूस कुठं तरी असतंच, म्हणून त्याच्या नावानं तीळपाणी सोडायला तिनं भाऊबंदांना साफ मनाई केली.

छगनबरोबर एकाच दिवशी सुप्याला भरती झालेला गहिनीनाथ मात्र १९४६ च्या शिमग्याच्या सुमारास परत आला. जाताना मोट हाकणारा, येताना मोटार हाकणारा. पलटणीची पाण्याची गाडी त्याच्याकडे होती. अंगानं वाळलेला, बोलायला त्याहून वाळलेला. लढाईच्या गोष्टी ऐकायला अख्खा गाव पारावर जमला, तर या पठ्ठ्यानं काय सांगावं? तिकडं आंघोळ न्हवती, आणि पाण्याला पेट्रोलचा वास यायचा. लोक वैतागून घरी गेले.

आल्या दिवशी तो आधी बनुबाईच्या दारात गेला. तिनं दार लावून घेतलं. "त्या पळपुट्याच्या गाडीत बसून आलास न्हवं? जा तिकडंच," आतून आवाज आला. तो तीन वेळा गेला आणि तीन वेळा परत आला. शब्द माझा होता आणि दार त्याच्यावर लागत होतं, हे मला कळत होतं. पण मी तोंड उघडलं नाही.

त्या उन्हाळ्यात विहिरींनी तळ दाखवला. गहिनीनाथाच्या मळ्यातल्या विहिरीला तेवढं पाणी होतं. तो रोज सकाळी खुणा केलेला बांबू विहिरीत सोडायचा, पाणी मोजायचा, आणि घरागणिक किती घागरी ते ठरवायचा. म्हातारी आणि आजारी माणसं असलेली घरं पहिली, स्वतःचं घर सगळ्यात शेवटी. पाणी काय दूध आहे का मापानं घालायला, म्हणून लोक हसले. वैशाखात तेच लोक रांगेत उभे राहिले. आमचे आजोबा ख्रिस्ती झाले, तरी गावाच्या लेखी आम्ही वेशीबाहेरचेच. पण आमच्या वस्तीलाही त्यानं त्याच मापानं पाणी घातलं. कुणी कुरकुरलं, की एवढंच म्हणायचा, "ठोंबरे सायबाचा कायदा हाय."

हा ठोंबरे साहेब म्हणजे त्याचा कर्नल थॉर्नबी. आपल्या पोरांनी त्याला आपल्याकडच्या आडनावात बसवून टाकला होता.

तेव्हा आमची धाकटी कृपा तापानं फणफणत होती. डोक्यावर ओल्या घड्या ठेवायच्या, पाण्याचे घोट पाजायचे, एवढंच औषध हाताशी होतं. गहिनीनाथाच्या दोन जादा घागरी रोज दारात येत होत्या. माझी लेक त्या पाण्यावर उठली. त्या माणसाचे उपकार मी मानतो आणि मरेपर्यंत मानीन. फेडायची भाषा मी करत नाही, कारण ते फिटणारे नव्हेत.

बनुबाईनं मात्र त्या विहिरीचा थेंब घेतला नाही. ती कोसभर ओढ्याला जायची आणि झऱ्यातून वाटीवाटीनं घागर भरून आणायची.

मग भाद्रपद आला. आमच्याकडे पितृपंधरवड्यात म्हाळ घालतात. ज्या पूर्वजाच्या नावानं पान वाढायचं, त्याच्या जागी एकेक माणूस जेवायला बसवतात. त्या दिवसापुरता तो त्या घरचा पितर. गहिनीनाथानं जाहीर केलं, की सर्वपित्रीला तीन पानं मांडणार. एक आज्याचं, एक बापाचं, आणि तिसरं ठोंबरे साहेबाचं. साहेब दोन वर्षांपूर्वी इटलीत मेल्याचं त्याला पलटणीतल्या एका हवालदाराच्या कार्डावरून कळलं होतं.

गावात नुसता गहजब झाला. गोऱ्याचं पान, तेही पळपुट्याचं! आज्याच्या पानावर बसायला कबूल झालेले काकासाहेब पाटील म्हणाले, "तुझ्या आज्यासाठी येतो. पर त्या तिसऱ्या पानावर कोन बसतंय ते बघतोच." कुणीच बसायला तयार होईना. बनुबाईच्या डोळ्यांत डोळे घालून पुन्हा राम राम कोण करणार?

अमावस्येच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर गहिनीनाथ माझ्याकडे आला.

"मास्तर, तुमी बसा. सायेब किरिस्ताव, तुमी बी किरिस्ताव. तुमच्याबिगर त्याचं हितं कोन हाय?"

मला हसावं की रागवावं कळेना. एक तर आमच्या पाळकसाहेबांना कळलं असतं, की मास्तर पितर होऊन जेवला, तर पुढच्या रविवारचा सगळा उपदेश माझ्यावरच झाला असता. आणि दुसरं म्हणजे माझा निकाल! मी त्याला नकाशासमोर उभा केला आणि टाचणीवर छडी आपटली. "ही टेकडी धरून ठेवायची सोडून तुझा साहेब मागं आला. अशा माणसाच्या पानावर मी बसू?"

तो वाकून बराच वेळ बघत राहिला. "टेकडी लई ल्हान काढलीय," म्हणाला.

मग तो बोलायला लागला. सहा महिन्यांत बोलला नसेल इतकं त्या एका संध्याकाळी बोलला.

"तीन दिस टेकडी धरा, असा वरून हुकूम हुता. मानसं साडेचारशे. पानी दीड दिसाचं. तिथं पावसाच्या पान्याचा जुना हौद हुता, त्याच्या भरवशावर धाडल्यालं आमाला. बगतो तर त्यात दुस्मनानं मीठ कालवल्यालं. सायेब रोज सकाळी माज्या गाडीवर चढून सोता काठी टाकून पानी बगायचा. त्या दिवशी काठी बगितली, खाली उतारला, आनि सांजच्याला निगायचं ठरवलं. हुकूम मोडला त्यानं, खरं हाय. पर न मोडता तर तिसऱ्या दिवशी टेकडीवर मढी ऱ्हायली असती, मास्तर. गोळी न लागता मेल्याली. मी त्यातलाच एक."

"आणि छगन?"

"गाड्या लांब जाईस्तवर कोनीतरी मागं ऱ्हायाला पायजे हुतं. अकरा जनं ऱ्हायली. सायबानं त्यास्नी चार डबे काठोकाठ भरून द्यायला लावले. आमाला जानाऱ्यांना एकेक घोट. मी म्हनलो, सायेब, आमाला लांबचा पल्ला हाय. तर म्हनला, जो थांबतो त्याचं पानी पयलं."

हुकूम मोडल्याबद्दल पुढं साहेबाची चौकशी झाली आणि पलटण त्याच्या हातून गेली, हेही त्यानं सांगितलं. मी बाकावर बसलो. चार वर्षं मी त्या टेकडीवर टाचणी टोचून होतो आणि तिथली माणसं पितात काय, हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. पारनेर तालुक्यात जन्माला येऊन! मला स्वतःची लाज वाटली. उद्या पानावर बसतो, असं मी गहिनीनाथाला सांगितलं.

घरी हे सगळं माझ्या बायकोला, दयाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "कृपाचा ताप ज्याच्या पाण्यानं उतरला, त्याच्या साहेबाचं पान आहे ते," ती म्हणाली. "पाळकसाहेबांचं मी बघते. पण त्या माउलीच्या मनात विष तुम्ही कालवलंत. जेवायला बसायच्या आधी तिच्याकडे जा."

गेलो. दार बंदच होतं. मी दाराबाहेर उभा राहून म्हणालो, "बनुबाई, तेव्हा मी बोललो ते चुकीचं होतं. तुमच्या छगनचा साहेब पळपुटा नव्हता. उद्या मी त्याच्या पानावर बसणार आहे. त्या टेकडीवर काय झालं, ते गहिनीनाथाकडून एकदा ऐका."  दार उघडलं नाही, तसा मी परत आलो.

या लढाईवर शहाणी माणसं पुस्तकं लिहितील, कोण सेनापती हुशार आणि कोण मूर्ख ते ठरवतील, खुशाल ठरवोत. थॉर्नबीचं नाव त्यात एखाद्या ओळीत येईल, बहुधा वाईटच येईल. मला एवढं कळतं, की त्याच्याकडून पाणी वाटायला शिकलेला एक माणूस आमच्या गावात परत आला आणि त्या वैशाखात आमच्याकडे एकही घर पाण्यावाचून राहिलं नाही. ज्याला मी पळपुटा म्हटलं, त्याचे एवढे उपकार आमच्यावर आहेत.

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथाच्या ओसरीवर तीन पानं मांडली होती. खीर, वडे, कढी, गवार-भोपळ्याची भाजी. एका पानावर काकासाहेब, दुसऱ्यावर गहिनीनाथाचा चुलता, आणि तिसऱ्यावर मी, त्याच ओळीत. काकासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिरीकडे पाहिलं, आणि मांडी सावरून बसले. ज्या ओसरीच्या पायरीवर माझे वडील कधी चढले नाहीत, तिथं मी पाटावर बसलो होतो आणि ते गहिनीनाथाला फारसं विशेष वाटत नव्हतं. 

जेवणाआधी तो तांब्यात काळे तीळ टाकून पाणी सोडायला बसला. आज्याचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, मग "थॉर्नबी सायेब" म्हणून ओंजळ सोडली. तेवढ्यात अंगणात जमलेली माणसं बाजूला झाली. बनुबाई आली होती. तिनं आधी मला गाठलं.

"मास्तर, तुमीच म्हनला हुता ना, त्यो पळाला म्हनून?"

"हो," मी उभा राहिलो. "मला तिथलं काही ठाऊक नव्हतं. उगाच शहाणपणा केला. तुमची माफी मागतो."

तिनं माझ्याकडे नीट बघितलंही नाही. ती गहिनीनाथाकडे वळली. भांडणाच्या तयारीनं आलेल्या बाईनं फार हळू विचारलं, "माज्या छगनला पानी हुतं का रं?"

"चार डबे हुते, मावशी. मीच भरले. येक छगनच्या हातात दिला. हसला. म्हनला, गहिन्या, येवढं तर आपल्या गावात बी न्हाई."

"मग?"

"उजाडायला सायबानं गाडी दिऊन मला माघारी धाडलं, त्यास्नी आनायला. टाकलं न्हाई त्यानं, मावशी. आनायला धाडलं. पर मी पोचलो तवा टेकडीवर कोनी न्हवतं. हाका मारल्या, लई मारल्या. डबे तेवढं हुते. दोन रिकामे, आनि दोन तसंच भरल्याले."

बनुबाई खाली बसली. 

"म्हंजी तान्हेला न्हवता," ती म्हणाली.

"न्हाई, मावशी."

"दुस्मनाच्या कैदेतली समदी आली म्हनत्यात. सुप्याचं आलं, जामगावचं आलं. माजा न्हाई आला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्यो सायेब शाना असंल. न्हाई म्हनत न्हाई मी. पर माजं पोर त्याच्यापायीच तिथं ऱ्हायलं, ते मी इसरायची न्हाई."

"नगा इसरू," गहिनीनाथ म्हणाला.

ती तशीच सरकत तांब्यापाशी आली आणि आत डोकावली.

"तीळ हायेत अजून?"

"हायेत."

"मग छगनचं नाव घे. छगन रखमाजी म्हन, नुसतं छगन नगो. माज्या घरात पानी द्याया गडीमानूस न्हाई. तवाबी तूच दिलं हुतंस."