बाहेरची कडी

आमच्या घरात दाराला कडी नव्हती. बंबखान्याच्या मागे फायरमन लोकांच्या खोल्यांची एक ओळ होती, त्यातली एक आमची. बाकीच्यांच्या दारांना कड्या होत्या. आमच्या बाबांनी उचकटून काढल्या होत्या, पुढच्या दाराची आणि न्हाणीच्या दाराचीसुद्धा. कुठल्याशा यंत्रमागाच्या शेडमध्ये आग लागली होती. तिथून परत आले आणि हातपाय धुवायच्या आधी पक्कड घेऊन बसले. आईनं विचारलं, काय झालं, तर एवढंच म्हणाले, "दार बाहेरनं लावल्यालं व्हतं."

मी वयात येत होते, तेव्हा त्या नसलेल्या कडीनं माझा जीव नकोसा केला. आंघोळीला गेलं की मोठ्यानं गाणं म्हणायचं, म्हणजे आत कोणीतरी आहे हे बाहेर कळायचं. मला गाता येत नाही ही गोष्ट अख्ख्या ओळीला माहीत झाली ती अशी. शिवाय घंटा झाली की बाबा ताटावरून उठून पळायचे आणि ते परत येईपर्यंत आईच्या घशाखाली घास उतरायचा नाही. या खोलीतून कधी एकदा सुटते असं मला झालं होतं. आमच्यात मुलीनं सुटायचं म्हणजे लग्नच.

पण लग्न जमेना, कारण नकार बाबाच देत होते. मुलाकडचं घर बघायला गेले की बरोबरची मंडळी शेतीवाडीची चौकशी करत आणि हे दारं-खिडक्या बघत फिरत. परत येऊन सांगायचे, "जिना लई अरुंद हाय. मागनं वाटच न्हाय." मुलगा कसा आहे म्हटलं की आठवायला लागायचे. आई कपाळाला हात लावायची. "अवो, पोरगी द्यायचीय तितं, बंब न्हाय घालायचा!"

शेवटी अक्कलकोट रोडच्या बाजूचं एक घर त्यांना पसंत पडलं. मूळची कुंभारीची माणसं, शेती सोडून टॉवेल-चादरीच्या धंद्यात शिरलेली. दुमजली घर, आतून रुंद जिना, खाली भक्कम दार. वर मागच्या बाजूला दुसरं दार आणि त्याच्या बाहेर लोखंडी जिना. बाबा दोन्ही जिने चढून-उतरून आले आणि तिथंच होकार देऊन बसले. कडी कुठल्या बाजूला आहे, हे बघायचं मात्र राहून गेलं.

ती बाहेरून होती. सासरे आणि माझा नवरा सकाळीच एमआयडीसीतल्या शेडवर जायचे, जेवणं झाली की सासूबाईही टॉवेलांच्या कडा शिवायला तिकडंच. वरच्या खोलीत सुताची बाचकी रचलेली होती आणि गल्लीत चोऱ्या व्हायच्या, म्हणून जाताना खालच्या दाराला बाहेरून कुलूप. मागच्या दाराला आमच्या लग्नानंतर खिळे ठोकून पुढं बाचक्यांची थप्पी लावलेली. सासूबाई वाईट नव्हत्या. त्या सून असतानाही त्यांना असंच कुलपात ठेवलेलं होतं, त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

मी आणि सूत, दोघंच घरात. दुपारी पत्रा तापायचा, कापसाची तूस नाकातोंडात जायची आणि त्याच खोलीत स्टोवर माझा संध्याकाळचा स्वयंपाक. माहेरी कडी नाही म्हणून चिडत होते, इथं कडी होती तर तिला माझा हात पोचत नव्हता. खिडकीच्या गजांशी उभी राहून मी खालून जाणाऱ्या सायकली बघायची. नवऱ्याला एकदा म्हणून बघितलं. "दादा म्हणतील तसं," असं वडिलांवर ढकलून त्यानं कूस बदलली. माहेरी काही कळवलं नाही. माझ्या पाठची बहीण लग्नाची होती आणि थोरली परत आली की धाकटीला कोण विचारतं?

पाडव्याच्या आदल्या दिवशी बाबा साखरेची गाठी घेऊन आले. ड्युटीवरून थेट, खाकीतच. दाराला कुलूप बघून सायकल वळवायला लागले, तेव्हा मला राहवलं नाही. वरून हाक मारली.

त्यांनी वर बघितलं. मग कुलपाकडं. मग परत वर.

"आत कोन हाय?"

"मीच की."

"आनि?"

"कुनी न्हाय."

"स्टो पेटलाय?"

"व्हय."

"आदी बंद कर जा."

मी बंद करून आले. ते दारावर हात ठेवून उभे होते. "फोडू का?" त्यांनी विचारलं. आयुष्यभर दारं फोडणारा माणूस, त्यानं असं विचारावं? मी "नको" म्हटलं. फोडलं असतं तर मला त्यांच्याच सायकलवर बसून परत जावं लागलं असतं, हे त्यांनाही कळत होतं. लेकीचा बाप पडला ना. ते पायरीवर बसले ते सासरे येईपर्यंत.

सासरे आल्यावर बाबांनी हात जोडले. माझ्या बाबांना हात जोडताना मी पहिल्यांदा बघितलं. "पाव्हणं, सुताच्या घरात मानूस कोंडू नगा." सासरे म्हणाले, "चोऱ्या लई व्हायल्यात, पाव्हणं. तुमाला न्हाय कळायचं ते." बाबा गाठी देऊन निघून गेले.

पण त्यानंतर सुट्टी मिळाली की ते यायचे आणि त्या पायरीवर बसायचे, मुद्दाम खाकीत. मी वरून म्हणायची, गजातून दोरीनं तांब्या सोडते. ते मान हलवायचे. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही, ही आमच्यातली रीत. सोलापूरचं ऊन आणि ते तिथं घाम पुसत. समोरची तेलुगू म्हातारी त्यांना आपल्या घरचं पाणी आणून द्यायची. मी ते वरून बघायची आणि गजांवर कपाळ आपटावंसं वाटायचं.

येणारेजाणारे थांबून विचारायचे, "बंबवाले, कुटं लागलीया?"

"अजून न्हाय," बाबा सांगायचे.

व्हायचं तेच झालं. आमच्या घरात सूत पेटलं अशी आवई उठली आणि चादरीचा एक व्यापारी आपला माल बुडाला की काय म्हणून धावत शेडवर गेला. सासरे तणतणत घरी आले, मागोमाग सासूबाईही. सासऱ्यांनी कुलूप काढलं आणि हातोडी मागवून बाहेरचा कोयंडाच उपटून टाकला. "या आता वर, बसा आत येऊन!" ते बाबांवर ओरडले.

बाबा खरंच वर आले. मागच्या दारापुढची बाचकी ओढून बाजूला केली, हातोडी मागून घेतली, खिळे काढले आणि दार ढकललं. वारा आला. मग भिंतीला टेकून बसले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "पानी दे, बाय."

सासूबाई चपापल्या. "अवो पाव्हणं, तिला अजून लेकरू न्हाय."

"म्हाईत हाय की," ते म्हणाले.

मी तांब्या भरून दिला. गडबडीत अर्धं पाणी त्यांच्या खाकीवर सांडलं. राहिलेलं ते डोळे मिटून प्यायले आणि रिकामा तांब्या परत माझ्यापुढं धरला.