पढवलेला आरोपी

ती घटना आठवली की आजही माझे डोके तापते.

दुष्काळाची वर्षे होती. श्रीरामपूर भागातल्या एका ठाण्यात मी फौजदार म्हणून नुकताच हजर झालो होतो. हद्दीत दुष्काळी कामावर खडी फोडणारी शेकडो माणसे होती आणि त्यांच्या घामाच्या पैशावर टपलेल्या हातभट्ट्या होत्या. एका बाजाराच्या दिवशी खबर आली, की दारू पिऊन एक मजूर मेला, दुसऱ्याची नजर गेली आणि ती दारू गाळणारा अजून ओढ्यातच बसला आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा भट्टी विझलेली होती. रसायनाच्या पिंपांशेजारी तिशीतला एक माणूस घोंगडी पांघरून स्वस्थ बसला होता. मी काही विचारण्याआधीच त्याने दोन्ही हात पुढे केले.

"भट्टी माजी हाय साहेब. मीच गाळतो. दुसरं कुनी न्हाई."

जमादार हसले. हा आपला जुनाच आरोपी, म्हणाले. दर छाप्यात हाच सापडतो, कोर्टात गुन्हा कबूल करतो, दंड कोणीतरी भरतो आणि हा परत ओढ्यात येऊन बसतो. सापडतो की आणून बसवलेला असतो, असे मी विचारले, तेव्हा जमादार जीपकडे चालू लागले. यावेळी मामला दंडावर भागणारा नव्हता. माणूस मेला होता. हा कबुलीजबाब कोर्टापर्यंत तसाच गेला असता, तर त्याची अर्धी हयात तुरुंगात गेली असती.

खरा भट्टीवाला पोलीस दिसताच पळतो, धरला की नाकबूल जातो आणि मग वकील आणतो. वाट पाहत बसलेला आरोपी दिसला, की फौजदाराने गावावर संशय घ्यावा.

ठाण्यात हवालदाराने चहासाठी स्टोव्ह पेटवला. भडका उडाला तसा हा माणूस कोपऱ्यात पळाला आणि भिंतीकडे तोंड करून थरथरू लागला. स्टोव्ह विझवेपर्यंत तो वळला नाही. ज्याला स्टोव्ह सोसत नाही तो रात्रभर भट्टीला जाळ घालतो, हे माझ्या पचनी पडेना.

दुपारी त्याची थोरली बहीण आली. विधवा बाई, खडीच्या कामावरून तशीच आलेली. जामिनाचे अवाक्षर तिने काढले नाही. पदराची गाठ सोडून गोळ्यांची पुडी माझ्या टेबलावर ठेवली. सकाळ-संध्याकाळ एकेक द्या आणि दारू कोणाला पाजू देऊ नका, एवढेच तिचे मागणे. जाळाचे विचारले तेव्हा ती म्हणाली, "त्याला जाळातून हाका ऐकू येत्यात साहेब. त्यो रानात गेल्याबिगर मी चूल पेटवत न्हाई. लई वर्सं झाली."

दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष त्याला ओढ्यावर नेले. लांबवर मूठभर पाचट पेटवताच त्याने पाठ फिरवली आणि धूम ठोकली. दोन शिपायांना त्याला आवरावे लागले. तसा पंचनामा केला. सही करताना त्यातला एक पंच, गावातला चांगला बागायतदार, मला समजावू लागला, "कशाला खोलात जाताय साहेब? त्याला काय कळतंय? त्याच्यावर गेलं तर कुनाचं काय बिघडतंय?"

माझ्या हातातला रूळ मी मुद्दाम जीपमध्ये नेऊन ठेवला. गावाला सगळे ठाऊक होते. ज्याच्या हातचे पाणी कोणी घेत नव्हते, त्याच्या नावावर सगळ्यांची पापे चालत होती.

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि हे बोलायला कोणी शिकवले, असे विचारले. तो लपवणाराच नव्हता. आजवर कोणी विचारलेच नव्हते.

"मुकादमानं. साहेबानं धरलं की म्हनायचं, मीच गाळतो. मग बाटली मिळती."

"आणि गोळ्या?"

"गोळीनं हाका थांबत्यात. पन मुकादम म्हनतो, ती टाक, ही पी."

हा मुकादम दुष्काळी कामावरचाच. मजुरांची हजेरी तो लावी आणि संध्याकाळी त्यांना दारूही तोच विके. कबुली नीट नोंदवली का, हे बघायला तो स्वतःच ठाण्यात आला होता आणि वर मलाच ऐकवत होता, की त्या येड्याला मीच सांभाळतो. मी दवाखान्यात नजर गेलेल्या मजुराकडे गेलो. तो आधी भीतीने कोणाचे नाव घेईना. तुझे डोळे त्या वेड्याने घेतले असे लिहू का, असे विचारले, तेव्हा तो रडला आणि त्याने मुकादमाचे नाव घेतले. झडतीत मुकादमाच्या गोठ्यात नवसागर आणि तांब्याची नळी सापडली. मी त्याला भर बाजारातून चालवत नेले.

त्या माणसाला वेड्यांच्या इस्पितळात धाडा, असे गाव म्हणू लागले. गोळ्या देणाऱ्या मिशन दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी ठाम सांगितले, की त्याची गरज नाही; दारू थांबली आणि गोळी चुकली नाही तर तो बहिणीच्या घरी राहून बरा होईल. खाकी कपड्याचा शब्द तो मोडत नसे. म्हणून ठरले, की रोज त्याने ठाण्यात यावे आणि हवालदारासमोर गोळी घ्यावी. दोन-तीन महिन्यांत तो खडीच्या कामावर पाणी वाटू लागला. लोक त्याच्या हातचे पाणी पिऊ लागले. बहिणीचा चेहरा पालटला.

मग वरून विचारणा झाली, की पोलीस ठाणे म्हणजे दवाखाना आहे काय? मी उत्तर लिहिले ते बहुधा जरा कडक होते. बदली अकोले भागात झाली. माझ्यामागे ठाण्यातली गोळी बंद पडली. मुकादम जामिनावर सुटून परत आला होताच. नवी भट्टी लागली, छापा पडला आणि तिथे तोच माणूस बसलेला होता. जुन्या कबुल्यांमुळे यावेळी दंडावर सुटला नाही, कैद झाली.

त्याची बहीण एसटी बदलत माझ्याकडे आली. मी अपिलाचे, वकिलाचे बोलू लागलो. तिने हात जोडून मला थांबवले.

"सोडवू नका साहेब. आत त्याला गोळी देत्यात, मी इचारलंय. आन बाटली द्यायला तिथं कुनी येत न्हाई."

मी अपिलाचा विषय सोडून दिला. भावाला सोडा म्हणून पाया पडणाऱ्या बहिणी मी पुष्कळ पाहिल्या होत्या. त्या आजाराला औषध होते, ते देणाऱ्या सिस्टरबाई होत्या आणि चूल विझवून बसणारी बहीण होती. गावाने बाटली पुढे करायची नाही, एवढेच करायचे होते. तेवढेही ज्यांना जमले नाही, ते सगळे शहाणे आजवर मोकळे फिरत आहेत आणि त्यांच्यावर लावायला माझ्याकडे एकही कलम नव्हते.