खालाची अर्धी गोळी

आईच्या साखरेच्या गोळ्या मी माझ्या कपाटात कुलपात का ठेवायला लागलो, हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला वाटतं, आई विसरायची म्हणून. बहिणीला वाटतं, मी आईला फार जपायचो म्हणून. ती तर नातेवाइकांत माझं उदाहरण देते, आणि मी तेवढ्यात विषय बदलतो.

आम्ही चिखलीत राहतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. घरी धुणंभांडी करायला एक बाई यायची. माझी मुलं तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, मग सगळं घरच म्हणायला लागलं. तिचा नवरा गाद्या-रजया भरायचा. दुकानात तयार गाद्या आल्या तसं त्याचं काम हिवाळ्यापुरतं उरलं, आणि घर खालाच्या हातांवर आलं. सकाळी आमच्याकडे, मग आमच्या ओळीतल्याच आणखी घरांत.

आई आणि खाला, दोघींनाही साखर. माझ्या आईचं निदान खाजगी दवाखान्यात झालं, पंख्याखाली खुर्चीवर बसून. खालाचं निदान गावातल्या एका शिबिरात झालं. सरकारी दवाखान्यात गोळी फुकट मिळते, हे तिलाही ठाऊक होतं. पण तिथली रांग सकाळची, आणि भांडी घासायची वेळही सकाळचीच. एका घरी खाडा झाला की त्या घराला दुसरी बाई मिळते. म्हणून ती जांभळाच्या बियांची भुकटी खायची आणि आईला सांगायची, "माही साखर गरिबाची हाये बाई, जास्त चढत नाई."

काम उरकलं की दोघी स्वयंपाकघरात चहा घ्यायच्या. खालाचा कप वेगळा, खिडकीत ठेवलेला. तो नियम वडिलांच्या वेळचा. तो कप आईनं कधी इतर कपांत मिसळून टाकला, मला कळलंही नाही. ईदला खाला शीरखुर्म्याचा डबा आणायची. आई बोटभर चाटायची आणि म्हणायची, "आमच्या सरले नको सांगू बरं." सर म्हणजे मी.

एका वर्षी आईची साखर काही केल्या उतरेना. डॉक्टरांनी गोळी वाढवली, तरी तेच. मी आईवर चिडायला लागलो. गुळाचा डबा लपवला, शीरखुर्म्यावरून टोमणे मारले. आई ऐकून घ्यायची, हसायची.

मग एका सुट्टीच्या दिवशी पाणी प्यायला गेलो, तर दारातच थबकलो. आई खालासमोर पाटावर बसून अडकित्त्यानं गोळी फोडत होती.

"घे वं. अर्धी तुही, अर्धी माही."

"बाई, तुमाले पूरी पायजे. डाक्टर बोंबलंन."

"डाक्टरले कोण सांगून राह्यलं? तू का मी?"

खालानं आपला तुकडा जिभेवर ठेवला. "सुपारीची चव लागून राह्यली."

"मंग तं पान खाल्ल्यावाणी झालं. गोड लागते काय?"

"गोड लागली तं आपल्याले चालंन काय, बाई?"

दोघी इतक्या हसल्या की आईला ठसका लागला. खाला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आईचा हिशेब साधा होता. दोघींना एकच आजार, तर औषधही वाटून. शेजारणीला विरजण द्यावं तसं. अर्ध्या गोळीनं दोघींचाही आजार तसाच राहतो, हे तिला कुठून कळणार? मला कळत होतं. मी ते फळ्यावर आकृती काढून शिकवत होतो.

मी पाणी न पिताच परत फिरलो. दुसऱ्या दिवशी गोळ्यांची पाकिटं माझ्या कपाटात आली. आईला म्हणालो, "डॉक्टरांनी सांगितलंय, माझ्यासमोर घ्यायची." आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं लहान मुलासारखं तोंड उघडलं. तिला सगळं समजलं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

खालासाठी वेगळ्या गोळ्या आणाव्यात, हे सुचलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. सुचलं होतं. दुकानात उभा असताना ओठांवर आलं होतं. शाळेतल्या माझ्या चहाचा खर्च त्याहून जास्त होता. पण मनात आलं, आज गोळी, उद्या तपासणी, परवा डॉक्टर. एकदा घेतलं की हे कायमचं आपल्या गळ्यात पडेल. आणि कुणाची गोळी कुणी खाऊ नये, हे तर खरंच होतं. त्या खऱ्याच्या आडोशाला मी निवांत बसलो.

काही दिवस खाला चहा घेताना विचारायची, "आज नाई का, बाई?" आई म्हणायची, "सरली वो माय." माझं नाव तिनं एकदाही घेतलं नाही. पुढे खालानं विचारणं सोडलं. चहा चालू राहिला, हसणंही, पण मी आत आलो की दोघी गप्प व्हायच्या.

आईची साखर उतरली. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली.

साधारण वर्ष गेलं असेल. खालाच्या तळपायाला मोरीतली फुटकी फरशी लागली. दिवसभर पाय पाण्यात, जखम भरेना. मी विचारलं तर म्हणाली, "दुखतच नाई सर, मंग कायले बसू घरी?" या आजारात न दुखणारी जखम सगळ्यात वाईट, हे मला माहीत होतं. मी तिला मलमाची ट्यूब दिली आणि शाळेत गेलो. दवाखान्यात नेलं असतं तर तिचा पाय वाचलाही असता. पाय काळा पडायला लागला तेव्हा तिच्या जावयानं तिला अकोल्याला नेलं. गुडघ्याखाली कापावा लागला.

ती परत आल्यावर आईला ऑटोत बसवून मी तिच्या घरी नेलं. खाला बाजेवर बसली होती. आईला बघून म्हणाली, "या बाई. आता चपलांचा खर्च निम्मा झाला पाहा." आई हसली, मग तिच्या मांडीवर हात ठेवून बसली. परत येताना ऑटोत आई रडली. मला काहीतरी म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो. ती काहीच म्हणाली नाही. त्यानंतर कधीच म्हणाली नाही.

गेल्या वर्षी आई गेली. खाला कुबडीवर आली, भिंतीला टेकून बसली आणि माझ्या बायकोला सांगायला लागली, "बाईनं मले कदी परकं नाई केलं. फकत गोळ्या एकदम बंद केल्या. माह्या तोंडून काई वाकडं निंघालं असंन. लई याद केलं, याद नाई आलं. माफी बी मांगता नाई आली."

मी पाण्याचा तांब्या घेऊन समोरच उभा होतो. मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, "जीते रहो, सर."

आता तिच्या गोळ्या मी आणून देतो. तपासणीलाही नेतो. गल्लीत लोक कौतुक करतात. पाय काही परत देता येत नाही. पण देता येण्यासारखं एक आहे. तिच्या बाजेपाशी बसून सांगायचं आहे की, आईनं हात आखडला नव्हता, गोळ्या मी बंद केल्या, आणि खालाचं काहीच चुकलं नव्हतं. तेवढं सांगणं मी अजून तिला देणं लागतो.