सगळेच चार नंबर

फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटावरच्या उसाच्या पट्ट्यातलं तालापतान सोडून रुपिंग मागबानुआ मनिलाला निघाला, तेव्हा अख्खं गाव त्याला बोटीपर्यंत पोचवायला आलं होतं. आपला पोरगा पैसे घेऊन बास्केटबॉल खेळणार, म्हणजे काय थट्टा आहे? पण तिथल्या लीगमधले संघ गावांचे नसतात, कंपन्यांचे असतात. त्यामुळे रुपिंग आधी डबाबंद माशांकडून खेळला, मग भिंतीच्या रंगाकडून आणि शेवटी टूथपेस्टकडून. खेळला म्हणजे बाकावर बसला. टूथपेस्टच्या मालकाने फर्मावलं होतं, "कॅमेरा आला की हसायचं, दात दिसले पाहिजेत." संघ वीस गुणांनी मार खात असतानाही हा बाबा दात काढून बसलेला. नाही म्हणणं त्याला जमायचंच नाही हो, करणार काय!

पुढे गुडघा गेला आणि कंपनीने नारळ दिला. रुपिंग गावी येऊन गावच्या संघाचा कोच झाला. पगार नगरपालिकेचा, नेमणूक सहा महिन्यांची, सही मेयरची. तीस वर्षं हेच चाललं. मेयर बदलला की जर्सीचा रंग बदले, जर्सीवरचा चेहरा बदले, आणि रुपिंग नव्या चेहऱ्याला "हो, मेयर" म्हणे. एका मेयरच्या मेहुण्याला त्याने वर्षभर खेळवलं, आणि तो मेहुणा पळायचा कमी, घरंगळायचा जास्त. दुसऱ्या एकाच्या शब्दाखातर ऐन सरावात मैदानावर भात वाळत घालू दिलं. एवढी हांजी हांजी करूनही प्रांताचा करंडक काही तालापतानला आला नाही, आणि त्याला आयुष्यात हवा होता तो तेवढाच.

"एकदाच गं," तो बायकोला, नेनिंगला, म्हणायचा. "मी जिंकलो असं एकदा तरी होऊ दे. रंगाचा डबा नाही, मेयर नाही. मी."

"मग कधीतरी तोंड उघड की," नेनिंग म्हणायची.

यंदा मात्र पोरं जमली होती. एल्मर नावाचा ऊस तोडणारा पोरगा तर असा खेळायचा, की बघणाऱ्याने घास तोंडात तसाच धरून ठेवावा. संघ अंतिम सामन्यात पोचला, तोही शेजारच्या बुगनानशी, आणि नेमकी त्याच महिन्यात निवडणूक. मेयर एस्तोकादोंचा मतपत्रिकेवरचा क्रमांक होता चार. सामन्याच्या सकाळी नव्या जर्सी आल्या. पुढे मेयरचा हसरा चेहरा, पाठीवर चार. सगळ्यांच्याच पाठीवर चार!

"मेयर, अहो, प्रत्येकाला वेगळा नंबर लागतो," रुपिंग चाचरत म्हणाला.

"कशाला? लोकांना पाठ व्हायला नको? जिकडे बघावं तिकडे चार! कशी आहे कल्पना?"

"छान आहे, मेयर," रुपिंग म्हणाला. म्हणाला एकदाचा!

पंचांनी चकार शब्द काढला नाही, कारण दुपारच्या जेवणाची भाजलेली डुकरं मेयरकडून होती. बुगनानचा कोचही गप्प. तो पक्का बेरकी माणूस, योग्य वेळेची वाट बघत बसला होता. सामना सुरू झाला. चार नंबरने चेंडू चार नंबरला दिला, चार नंबरने टाकला, बास्केट! लाउडस्पीकरवरचा माणूस चार-चार ओरडून घायकुतीला आला. मेयर पहिल्या रांगेत टाळ्या पिटत होते.

मध्यंतराच्या जरा आधी तालापतानचा पाचवा फाउल झाला. बुगनानचा कोच सावकाश उठला.

"पंच, एका खेळाडूला फाउल किती चालतात?"

"पाच झाले की बाहेर."

"मग कागद बघा. पाचही चार नंबरचे आहेत. चार नंबर बाहेर."

"कुठला चार नंबर?" पंचाने विचारलं.

"ते मी कसं सांगू? कागदावर एकच आहे."

कागदावर खरंच एकच होता. म्हणजे अख्खा संघ बाहेर, सामना बुगनानचा. प्रेक्षकांत एकच गदारोळ उठला. पंचाला घाम फुटला. शेवटी तो म्हणाला, "पाच मिनिटं देतो. वेगवेगळे नंबर घालून या, नाहीतर घरी जा."

दुसऱ्या जर्सी आणायच्या कुठून? रुपिंगने एल्मरच्या जर्सीचं टोक उलटून पाहिलं. आतून कापड पांढरं होतं.

"काढा रे. उलट्या करून घाला."

तेवढ्यात मेयरचा माणूस धावत आला. "कोच, डोकं फिरलं का? साहेबांचा चेहरा आत? अख्ख्या प्रांतासमोर? नेमणुकीला मुकाल हां!"

या वयात नोकरी गेली तर खायचं काय? रुपिंगने पोरांकडे पाहिलं. पोरं त्याच्याकडेच बघत होती.

"मुकलो तर मुकलो," तो म्हणाला. "एल्मर, बाहेर ती बाई कोंबडी भाजतेय ना, तिच्याकडून कोळसा आण. पळ!"

कोळशाने लिहिलेले नंबर दहा मिनिटांत घामाने फिसकटले आणि पोरं भुतांसारखी काळी झाली. पण खेळली मात्र जीव तोडून. शेवटच्या क्षणी एल्मरचा चेंडू कड्यावर नाचून आत पडला आणि तालापतान एका गुणाने जिंकलं. म्हातारे कोतारे मैदानात उतरून नाचायला लागले.

मेयर एस्तोकादो मघापासून लालबुंद होऊन बसले होते. गर्दीचा रंग बघितला आणि टुणकन मंचावर! पुढारी तो पुढारीच.

"बंधूंनो! मीच कोचना निरोप धाडला, की माझा चेहरा आत घाला! गावापुढे मी कोण?" बायका डोळे पुसायला लागल्या. मेयरनी माईक रुपिंगच्या तोंडाशी धरला. "सांगा कोच, मीच म्हटलं ना?"

करंडक रुपिंगच्या हातात होता.

"नाही, मेयर. तुम्ही नोकरीची धमकी धाडलीत. उलट्या करायच्या हे मी ठरवलं. मी."

पण आवाजाची पेटी मेयरच्या भाच्याकडे. 'नाही'तला 'ना' निघाला आणि त्याने बटण पिळलं. लोकांना नुसते हलणारे ओठ दिसले. त्यांना वाटलं, म्हातारा आभार मानतोय. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या आभारांवर मेयर पुढे निवडणूक जिंकले आणि मोठ्या मनाने कोचची नेमणूकही चालू ठेवली, पण ते नंतरचं.

नेनिंग गर्दीतून वाट काढत मंचापाशी आली. "काय बोललास रे?"

"नाही म्हणालो."

"अरे देवा! कुणाला ऐकूच नाही गेलं."

"मला गेलं की," रुपिंग म्हणाला, आणि करंडक तिच्या हातात देऊन लहान पोरासारखा रडायला लागला.