हाड आपलंच लागतं

नडगीचं हाड मोडून आठ महिने झाले तरी ते जुळायचं नाव घेत नव्हतं. तेव्हा मी नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर दुसऱ्यांचे ट्रंक कॉल जोडून द्यायचे आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर एकटीसाठी भाकरी थापायची. सायकलवरून पडले, दोनदा प्लास्टर झालं, आणि शेवटी हॉस्पिटलात भरती झाले. बायकांच्या वॉर्डात भेटीच्या वेळी एकाच खाटेपाशी कुणी नसायचं, ती माझी. मी डोळे मिटून पडायचे. कुणी कीव केलेली मला खपत नाही.

एका सकाळी डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून घाईघाईनं म्हणाले, "असंच ठेवलं तर कायमची कुबडी. आता हाड भरावं लागेल. जिवंत हाड, आणि ते आपलंच लागतं. शरीर परक्याचं धरत नाही." आणि पुढच्या खाटेकडे गेले.

आपलंच. आमच्याकडे आपलं म्हणजे आपल्या माणसाचं. रक्त लागलं की हॉस्पिटलातही 'आपला माणूस आणा' म्हणायचे, तेव्हा हाडालाही तोच कायदा असणार, असं मी धरून चालले. माझा आपला माणूस एकच, कुहीजवळ धानाची शेती करणारा थोरला भाऊ. आईवडील गेल्यावर त्यानं जमवलेलं लग्न मी मोडलं, तेव्हापासून सहा वर्षं आमचं बोलणं बंद होतं. दोन दिवस मी हट्टानं काढले. पण कुबडी घेऊन एक्स्चेंजचा जिना कसा चढणार, नोकरी गेली तर खाणार काय, हे डोक्यातून जाईना. अखेर नाक मुठीत धरून कार्ड लिहिलं. पाय जोडायला आपल्या माणसाचं हाड लागतं, देशील का?

चौथ्या दिवशी तो आला. दाढी केलेली, धुतलेलं धोतर. माझ्या तोंडाकडे बघेना, प्लास्टरकडेच बघत उभा राहिला.

"काहून वं, इतके दिवस कळवलं नाही?"

"तुनं तरी कधी इचारलं?" मी म्हटलं.

तेवढ्यात डॉक्टर फेरीवर आले. तो पुढं झाला. "मी हिचा भाऊ. कोणत्या पायाचं पाहिजे ते काढा. फक्त मले लवकर घरी सोडा, धान कापणीले आलं हाय."

डॉक्टर आधी चक्रावले, मग हसत सुटले. "अहो, आपलं म्हणजे बाईंचं स्वतःचं! यांच्याच कमरेच्या हाडातून थोडं काढायचं नि मोडलेल्या जागी भरायचं. त्यातल्या जिवंत पेशी नवं हाड घडवतात. तुमच्या पेशी यांच्या अंगात जगणार नाहीत."

आजूबाजूच्या खाटाही हसल्या. माझे कान तापले. सहा वर्षांची अढी मी चुकीचं समजून मोडली होती, तीही चारचौघांत. भाऊ मात्र हसला नाही.

"म्हणजे माह्यं काही कामच नाही?" त्यानं मला विचारलं.

तो उत्तराची वाट बघत होता, हे मला तेव्हाही दिसत होतं. राहा म्हटलं असतं तर राहिला असता. मला तो हवा होता, फार हवा होता.

"नाही," मी म्हटलं. "धान वाट पाहून राहिलं असन. जाय तू."

त्यानं मान हलवली आणि गेला. थोड्या वेळानं वॉर्डातली आया आली. "बाई, भाऊ गेले का? सकाळपासून पायरीवर बसून होते. मी चहा देऊन राहिली होती, तर म्हणे नको, हाड काढाचं हाय, पोट रिकामं पाहिजे. कालपासून काही खाल्लं नाही म्हणे."

मी उठायला गेले, पण प्लास्टरचा पाय खाटेवरून हलेना. आयाला म्हटलं, धावत जा, त्याला थांबव. ती जाऊन आली. तो निघून गेला होता.

ऑपरेशन झालं. माझ्याच कमरेतलं हाड माझ्या पायात धरलं, आणि पावसाळ्याच्या आत मी एक्स्चेंजचा जिना चढले. भावाला कार्ड टाकलं, पाय बरा आहे. त्या दिवशी तू कुठं जेवलास, एवढं विचारायचं मात्र माझ्यानं झालं नाही.